चीर बाहेरून होती

नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या नाक्यावरून आत वळलं की ट्रान्सपोर्टवाल्यांची रांग लागते. त्या रांगेच्या शेवटी, ट्रक धुण्याच्या हौदाला लागून पत्र्याचं एक शेड आहे. तिथे मी ताडपत्र्या शिवते. आधी माझे वडील शिवत. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळे हे काम आता बंद पडणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. वडिलांनी दाभण माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "लोकायले बोलू दे. तू शिव."

या कामात फाटकं कापड वाचता यावं लागतं. वाऱ्यानं फाटलेली ताडपत्री दोरीच्या भोकापासून फाटते आणि तिच्या कडा झिपऱ्या होतात. झाडाची फांदी अडकली तर तिकोनी फाटते. उंदराचं काम तर कोणीही ओळखेल. ब्लेडची चीर मात्र सरळ असते. पातं आधी टोचतं आणि मग खाली ओढलं जातं. जिथे टोचलं तिथले धागे कोणत्या बाजूला वाकले आहेत, हे बोटानं चाचपलं की कापणारा हात बाहेर होता की आत, ते समजतं. हे मला कोणी शिकवलं नाही. शिवता शिवता बोटांनाच समजत गेलं.

अशा सरळ चिरा महिन्यातून दोन-तीन तरी यायच्या. ड्रायव्हर खाली मान घालून ताडपत्री टाकून जायचा, मी ठिगळ लावून परत द्यायची. माल गेला, ड्रायव्हर मिळालेला असेल, असं ऑफिसात बोलायचे. मी ऐकायची आणि सुई ओढायची. हे मी कबूल करते, कारण पुढे मी जे काही केलं त्यात मोठेपणा नाही. माझ्या घरावर येईपर्यंत मीही गप्पच होते.

माझा नवरा त्याच रांगेतल्या एका ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर. बोलायला कमी, चालवायला सावकाश. त्या हंगामात तो भिवापूरहून लाल मिरचीची पोती भरून उमरेडमार्गे कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजला आणायचा. सकाळी भरायची, दुपारी उतरवायची. मिरचीचा भाव चढा होता, म्हणून मालकाने, म्हणजे शेठने, दिवसाउजेडीच गाडी चालवायची असा हुकूम काढलेला. दिवसा कोण चोरतं?

एका दुपारी नवरा खांद्यावर ताडपत्री घेऊन शेडच्या दारात उभा राहिला. ताडपत्री दोन माणसांनी उचलायची असते. त्याने एकट्याने आणली होती.

"काय झालं?"

"नऊ पोते कमी भरले."

"कुठी पडले?"

"मले काय माहीत. मी कुठी थांबलो नाई. कोल्ड स्टोरेजले दोऱ्या सोडल्या तवा मागून खड्डा दिसला." तो खाली बसला. "मॅनेजरनं कागद काढला. म्हणे, सही कर. माझ्या निष्काळजीपणामुळे माल गहाळ झाला, असं लिवलं हाय."

"केली?"

"उद्या करतो म्हटलं."

मी दाभण ठेवलं. तो कागद मला माहीत होता. त्यावर सही केली की शेठची बाजू सुटते आणि ड्रायव्हर कायमचा अडकतो. पुढे कुठे नोकरीला गेला तरी त्याच्या आधी तो कागद पोचलेला असतो. चोर म्हणून नाही, निष्काळजी म्हणून. पण रांगेतल्या प्रत्येकाला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता.

"सही करायची नाई," मी म्हटलं.

"अवं, काम जाईल."

"जाऊ दे."

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. आजोबा दीक्षाभूमीवरून दीक्षा घेऊन गावी परतले, तेव्हा नेहमीसारखे गावकीच्या कामाला बोलवायला लोक आले. आजोबा दारात उभे राहून म्हणाले, "ते काम करनारा मानूस नागपूरलेच राह्यला. मी दुसरा आहो." मी त्यांना पाहिलेलं नाही. पण लहानपणी रडले की आई मला हेच वाक्य सांगायची. त्या दुपारी नवऱ्याकडे बघताना मला ते आठवलं नाही, ते आपसूक अंगात आलं.

मी ताडपत्री शेडमध्ये पसरली. मागच्या बाजूला, फाळक्याच्या म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेच्या वर, हातभर उंचीची चीर होती. वरच्या टोकाला धागे आत वळलेले. म्हणजे बाहेरून टोचली. चिरीच्या दोन्ही कडा काळ्या होत्या. मी बोट फिरवलं. कोळशाची भुकटी. ताडपत्री उलटी केली. आतली बाजू स्वच्छ निळी, पण चिरीच्या दोन्ही अंगांना ओंजळीएवढा पट्टा काळा झालेला. कापल्यावर ती बाजू वाऱ्यानं फडफडत राहिली आणि धूळ खात राहिली, असा त्याचा अर्थ.

उमरेडच्या आसपास खाणी आहेत. तिथून कोळशाचे ट्रक रस्त्याला लागतात. भिवापूरला कोळशाची धूळ नाही, कळमन्यालाही नाही. चीर पडली ती कोळशाच्या ट्रकांच्या धुळीत, गाडी चालू असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती ताडपत्री हातगाडीवर टाकून ऑफिससमोरच्या पटांगणात आणली. दहा-बारा ड्रायव्हर बिल्टीसाठी, मालाच्या कागदासाठी, उभे होते. मी त्यांच्या मधोमध ती पसरली. मॅनेजर बाहेर आला. शर्टाची इस्त्री मोडणार नाही अशा बेतानं चालणारा माणूस.

"बाई, ये क्या तमाशा है? शिवायची असेल तर तिकडे शिव."

"शिवायच्या आधी पाहून घ्या. मंग शिवली का काई दिसणार नाई."

मी सगळ्यांना चीर दाखवली. धागे दाखवले, काळा पट्टा दाखवला. ड्रायव्हर वाकून वाकून बघायला लागले. त्यात पारशिवनीचे एक म्हातारे ड्रायव्हर होते, त्यांना सगळे काकाजी म्हणत. त्यांनी चिरीत बोट घातलं, बाहेर काढलं आणि काळं झालेलं बोट मॅनेजरसमोर धरलं.

"कोळशाच्या रस्त्यावर कापली, मान्य," मॅनेजर म्हणाला. "पण गाडी उभी केल्याशिवाय नऊ पोती उतरत नाहीत. त्याने उभी केली असेल."

"गाडीत जीपीएस हाय ना?"

"ते कंपनीचं रेकॉर्ड आहे. असं कोणालाही दाखवता येत नाही."

"मले नोका दाखवू. शेठले दाखवा."

शेठ नेमके तेव्हाच आले होते. गर्दी पाहून गाडीतून उतरले. माणूस वाईट नव्हता, पण ज्याला भांडण आवडत नाही तो शेवटी दुबळ्यालाच गप्प करतो. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड उघडलं. भिवापूर सोडल्यावर गाडी एकदाच थांबली होती, तीन मिनिटं, उमरेडच्या बऱ्याच आधी.

"इथे का थांबलास?" शेठने विचारलं.

नवरा लाजून म्हणाला, "लघवीले."

सगळे हसले. उमरेडच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या डायव्हर्शनवर गाडी चालली होती माणसाच्या पायी चालण्यापेक्षा हळू, जवळजवळ अर्धा तास. पण थांबली कुठेच नव्हती.

शेठ जरा घुटमळले. "मी कुठे म्हणतो तू चोर आहेस? सही म्हणजे फक्त फॉर्मॅलिटी आहे, इन्शुरन्ससाठी."

"फॉर्मॅलिटीच असंल तर तुमी करा," मी म्हटलं.

हौदावर ट्रक धुणाऱ्याने पाइप बंद केला होता, तेवढं मला आठवतं. शेठने मोबाइल खिशात घातला आणि ते आत गेले. नवऱ्याला त्या दिवशी गाडी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीही मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही मोटरसायकल काढली आणि उमरेड रोडला लागलो. डायव्हर्शन म्हणजे मुख्य रस्त्याच्या कडेनं काढलेली मुरमाची वाट. एका बाजूला खणलेला चर, दुसऱ्या बाजूला समोरून येणारी कोळशाच्या ट्रकांची ओळ. हवा अशी की दहा हातांवरचा माणूस सावलीसारखा दिसावा. भरदिवसा. मी तोंडाला ओढणी बांधून चराच्या कडेनं पायी निघाले. नवरा गाडी ढकलत मागून.

वाट जिथे चढाला लागते तिथे मला शिंक आली. एक, मग दुसरी, मग नवऱ्यालाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि खाली बघायला लागलो. चराच्या काठावर, काळ्या मुरमात, लाल मिरच्या. चाकांखाली चेंदलेल्या, काही अख्ख्या, देठासकट. एक पोतं घेता घेता फुटलं असणार.

तिथून पन्नास पावलांवर बांबूच्या ताट्यांचं चहाचं दुकान होतं. एक बाई चालवायची, माझ्याच वयाची. आम्ही चहा घेतला. मी मूठभर मिरच्या बाकावर ठेवल्या.

"माय, ह्या कशा पडल्या इथं?"

तिनं मिरच्यांकडे बघितलं नाही. "रोज काई ना काई पडते. रस्ता हाय."

"हे माये मालक. यायच्या गाडीतून पडल्या. लोक म्हणून राहिले का यायनंच गाडी थांबवून विकल्या."

आता तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. "तुमची गाडी थांबली नाई," ती म्हणाली. "थांबली असती तर माह्याकडून चहा नसता घेतला?" मग आवाज खाली करून, "लहान गाडी मागून लागते. एक जण वर चढते. झालं. मले अजून नोका विचारू, बाई. मले इथंच धंदा करायचा हाय."

मी विचारलं नाही. तिचं खरं होतं. आम्ही संध्याकाळी नागपूरला परतणार, ती तिथेच राहणार.

तक्रार द्यायला मात्र मी गेले. पहिल्या ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, माल शेठचा, तक्रार शेठने द्यावी. मी ताडपत्रीचा कापलेला भाग घडी करून सोबत नेला होता. तो मांडीवर घेऊन बाकावर बसले. आमच्या विहारात एक मुलगी वकिली शिकते. तिनं मला सांगितलं होतं की हद्द कोणाची असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. मी ते वाक्य पाठ करून गेले होते आणि दर अर्ध्या तासानं म्हणत होते. आवाज न चढवता. रागावलेल्या बाईला बाहेर काढणं सोपं असतं, बसून राहिलेल्या बाईचं काय करावं हे कोणालाच समजत नाही. चार वाजता एका हवालदाराने पेन उघडलं.

"लिहून काय होणार बाई? अज्ञात इसम."

"अज्ञात लिवा. माया नवऱ्याचं नाव लिवू नका, एवढंच."

तक्रारीची प्रत मी शेठच्या टेबलावर ठेवली. त्यानंतर नवऱ्याला गाडी मिळाली. सहीचं कोणी काढलं नाही. इतर कोणी असतं तर तिथेच थांबलं असतं, आणि नवऱ्याचीही तीच इच्छा होती. पण मला शांत वाटेना. पुढची चीर कोणाच्या तरी ताडपत्रीला पडणारच होती, आणि तो कागद पुन्हा निघणारच होता.

पारशिवनीचे काकाजी एका दुपारी शेडमध्ये येऊन बसले. पान खायचे, पण त्या दिवशी तोंड रिकामं होतं.

"म्या दोन येळा सही केली," ते म्हणाले. "पयल्यांदा समजलंच नाई काय लिवलं हाय. दुसऱ्यांदा समजलं, तरी केली. तवापासून जावई मायासंगं एका पंगतीत बसत नाई. पोरगी बिचारी दोघायच्या मधात."

"काकाजी, माया डोक्यात एक हाय. तुमची साथ पायजे."

"सांग ना."

डोक्यात होतं ते असं. ताडपत्री कितीही जाड घेतली तरी ब्लेडपुढे ती कापडच. म्हणून मागच्या बाजूला मी दोन ताडपत्र्यांच्या मध्ये तारेची जाळी शिवायची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्याहून जाड, हात जेमतेम आत जाईल पण मनगट सहज निघणार नाही अशी. खालच्या काठात दोरीऐवजी लोखंडी तारेचा दोर ओवायचा आणि तो फाळक्याच्या कड्यांना कुलपानं अडकवायचा. हे झालं माझं काम. ड्रायव्हरांचं काम वेगळं होतं. आरशात गाडीची बाजू दिसते, पाठ दिसत नाही. म्हणून एकट्यानं निघायचं नाही. तिघांनी मिळून निघायचं, मागच्यानं पुढच्याची पाठ राखायची. आणि सगळ्यात मागे कोंड्याच्या पोत्यांची गाडी.

"कोंडा कोण चोरते?" काकाजी म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

जाळी शिवायला मला सहा दिवस लागले. बोटांची सालं निघाली. तारेतून दाभण घालायचं म्हणजे प्रत्येक टाका मोजून मारावा लागतो. नवरा रात्री जेवताना माझे हात बघायचा आणि ताट माझ्याकडे सरकवायचा. त्याचं बोलणं तेवढंच.

मॅनेजरला एकत्र निघणं पसंत नव्हतं. एकाला भरायला उशीर झाला तर तिघांना उशीर, असं त्याचं म्हणणं. ड्रायव्हरांनी चाव्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. मिरचीच्या फेऱ्यांवरच्या सातही जणांनी. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी भांडलं नाही. चाव्या ठेवल्या आणि बाहेर येऊन सावलीत बसले. तासाभरानं शेठचा फोन आला, जाऊ दे त्यांना एकत्र.

त्यानंतर दोन आठवडे काहीच झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात माझी शिवण रस्त्यावर कशी टिकते ते बघायला मी सोबत गेले. पुढे नवऱ्याची मिरची, मध्ये काकाजींची मिरची, शेवटी कोंडा. मी काकाजींच्या केबिनमध्ये होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. डायव्हर्शन अजून तसंच होतं, किंवा आणखी वाईट.

चढ सुरू झाला तशी आमच्या आणि नवऱ्याच्या गाडीच्या मध्ये एक छोटी मालवाहू गाडी घुसली. मागे हिरवं कापड बांधलेलं. मला वाटलं कोणी घाईतला असेल. काकाजींनी मात्र गिअर बदलला.

"पाह्य," ते म्हणाले.

त्या गाडीच्या मागच्या भागातून एक माणूस उठला. टपावरून पुढे गेला, बॉनेटवर आला, आणि चालत्या गाडीवरून नवऱ्याच्या ट्रकच्या दोरीला धरून वर चढला. जिन्यावर चढावं इतक्या सहज. धुळीत तो कधी दिसायचा, कधी नाही. हात वर गेला आणि सरळ खाली आला. ती चीर मी हजार वेळा शिवली होती, पडताना पहिल्यांदाच बघत होते.

मी उठून उभीच राहिले. "काकाजी, भोंगा!"

"थांब. हात आत जाऊ दे."

त्यानं पुन्हा ब्लेड मारलं. आत तार लागली असणार, कारण तो थबकला. मग काय आहे ते बघायला त्यानं चिरीत हात घातला. काकाजींनी भोंग्यावर हात दाबला तो काढलाच नाही. मागच्या कोंड्याच्या गाडीनंही दाबला. ठरल्याप्रमाणे नवऱ्यानं गाडी जागच्या जागी उभी केली. काकाजी सरकत सरकत पुढे गेले आणि त्या छोट्या गाडीच्या मागच्या पट्टीला आपला बंपर टेकवला. पुढे नवऱ्याचा फाळका, मागे आम्ही, डावीकडे चर, उजवीकडे कोळशाचा ट्रक. कोळशाच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून एकदा खाली पाहिलं, सगळं समजून घेतलं आणि इंजिन बंद केलं. त्याच्या मागच्यानं भोंगा सुरू केला, मग त्याच्या मागच्यानं. आवाज रस्ताभर पसरत गेला.

वरच्या माणसाचं मनगट जाळीत अडकलं होतं. दोन-तीन हिसके देऊन त्यानं ते सोडवलं, चरात उडी मारली आणि लंगडत शेतातून पळाला. गाडीचा चालक मात्र आतच राहिला. कोळशाच्या ट्रकमुळे त्याचं दार उघडेना, आणि दुसऱ्या दाराशी तोवर मी पोचले होते.

पंचविशीतला असेल. काच अर्धी खाली. घाम फुटलेला. "मावशी, मागची गाडी मागे घ्यायले सांगा ना. माया काई संबंध नाई."

"मी तुई मावशी नाई," मी म्हटलं. "ज्याले तुमच्यापायी चोर म्हटलं, त्याची बायको आहो."

ड्रायव्हर जमले. कोणाच्या हातात लोखंडी टामी, कोणाच्या हातात चाकाचा पाना. एकानं काच फोडायला हात उचलला. काकाजी दारासमोर आडवे उभे राहिले. "हात लावू नोका. पोलीस येईस्तोवर हा मानूस आखा पायजे. बोलायले तोंड लागते."

पोलीस आले तेव्हा चहावाली बाई दुकानातून बाहेर आली. कोणी बोलावलं नव्हतं. पदर खोचून सरळ साहेबासमोर. "मी पाह्यलं," ती म्हणाली. "आज बी पाह्यलं अन् याच्या आधी बी. नाव लिवा माह्यं." माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. तिचं धाडस तिचं होतं, मी त्यात वाटेकरी नव्हते.

त्या गाडीवाल्याच्या मोबाइलमधून बरंच निघालं म्हणतात. कोणती गाडी कधी भरली, हे कोणीतरी त्यांना कळवत होतं. चार दिवसांनी आमचा मॅनेजर कामावर यायचा बंद झाला. त्याचा यात हात होता का? मी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही. पुराव्याशिवाय माणसाला चोर म्हटलं की काय होतं, ते मी माझ्या घरात भोगलं आहे.

शेठनं नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, मला शाल देतो म्हणाले. मी म्हटलं, शाल नको, जुने कागद द्या. ज्यांच्या ज्यांच्या सह्या घेतल्या त्या सगळ्यांचे.

"झालं ते झालं. कशाला उकरून काढायचं? आणि ते कागद इथे नाहीत, घरी आहेत."

मग मी काकाजींना घेऊन एका रविवारी सकाळी प्रताप नगरात शेठच्या घरी गेले. शेठाणीनं पाणी दिलं. शेठ म्हणाले, शोधतो. पुढच्या रविवारीही शोधतो म्हणाले. तेव्हा पावसाळा दहा-बारा दिवसांवर आला होता आणि त्यांच्या सगळ्या गाड्यांच्या ताडपत्र्या माझ्या शेडमध्ये दुरुस्तीला पडलेल्या. मी त्यांच्यादेखत उठले.

"तुमी शोधा निवांत. मी बी निवांत शिवते."

वाडीच्या रांगेत ताडपत्री शिवणारी दुसरी कोणी नाही. पाचव्या दिवशी प्लास्टिकच्या फाइलमध्ये अकरा कागद आले. शेठ स्वतः घेऊन आले, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. तोंड उतरलेलं होतं. "मला वाटायचं ही नुसती पद्धत आहे," ते म्हणाले. मी त्यांना बसायला खोका दिला.

काकाजींना वाचता येत नाही. त्यांनी आपले दोन्ही कागद माझ्यापुढे धरले. "मोठ्यानं वाच. सगळ्यायले ऐकू येऊ दे." मी वाचले. ते डोळे मिटून ऐकत होते. मग कागद खिशात घालून त्यांनी पारशिवनीची एसटी धरली. दोन दिवसांनी परत आले तेव्हा मी विचारलं, फाडले का?

"म्या नाई फाडले," ते म्हणाले. "जावयाच्या हातानं फाडवले. अन् मंग जेवलो."

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात, मी जाते. पकडलेला जामिनावर सुटून आला, पळालेला नंतर सापडला आणि तोही सुटून आला. असं होतं. चोऱ्या थांबल्या असंही मी म्हणणार नाही. आमच्या रस्त्यावर कमी झाल्या, दुसऱ्या रस्त्यांवर होतातच. जाळीच्या ताडपत्र्या मात्र आता लांबून लांबून शिवायला येतात.

मागच्या महिन्यात एक मोटरसायकल शेडसमोर येऊन थांबली. वर बसलेला माणूस उतरला नाही. गॉगल लावून नुसता बघत राहिला. उजव्या मनगटावर जुन्या जखमेचे गोल व्रण. मी ओळखलं. त्यालाही तेच हवं होतं, की मी ओळखावं. नवरा गाडीवर गेलेला, शेडमध्ये मी एकटी. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

मी हातातली जाळी उचलून बाहेर उन्हात आणली आणि त्याच्या समोरच पसरली.

"लांबून काय दिसते? जवळ ये. पाहून घे कशी शिवते ते. आधी एकपदरी होती, आता दुपदरी करून राहिली."

मी तिथेच खाली बसले, त्याच्याकडे तोंड करून, आणि दाभणात सुतळी ओवली. तीन-चार टाके झाले असतील. मग त्यानं किक मारली.